हलूनकाबाई

तळघरातल्या एमआरआय विभागात बाईंचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी त्या हलूनकाबाई. बावीस वर्षं त्या रोज सकाळी आठपासून एकच वाक्य म्हणत आल्या होत्या, "आता अजिबात हलू नका." घाबरलेल्याला लाडीगोडीने, आढ्यतेखोराला दरडावून, लहान मुलाला गोष्टीच्या मधेच. एकदा एक निवृत्त न्यायाधीश मशीनच्या बोगद्यात चाळीस मिनिटं निमूट पडून राहिले. त्यांच्या बायकोने बाईंचे हात धरले आणि सांगितलं की, यांनी एवढा वेळ कुणाचं ऐकल्याचं लग्नानंतर आज पहिल्यांदा पाहते आहे.

आणि खुद्द बाईंना पाच मिनिटं स्वस्थ बसता येत नसे. खुर्चीत टेकल्या की उजवा पाय सुरू. काचेमागच्या खोलीत त्यांच्या शेजारी बसणारा सहकारी, वयाने त्यांच्या निम्मा, चहाचा कप हातातच धरून ठेवायचा, कारण टेबलावर ठेवला की चहा बशीत उतरायचा. बाईंच्या आईचाही पाय असाच हलायचा. आता सोळा वर्षांच्या लेकीचाही हलतो. मायलेकी जेवायला बसल्या की टेबलावरची भांडी बोलायला लागत. बाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांशीही तो हवापाण्याच्या गप्पा मारायचा, इतका थंड. तो म्हणे, आपल्याकडे भूकंप झाला तर आपल्याला शेजाऱ्यांकडून कळेल. नातेवाईक कौतुकाने म्हणत, आजीचा पाय पुरता उतरलाय. खाण तशी माती, दुसरं काय.

पण कौतुक पायापुरतंच. लेकीबद्दल नातेवाईक आणखी एक वाक्य म्हणत, ते आवाज खाली आणून. मामावर गेलीय, म्हणत.

मामा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, त्यांचा दादा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, तर याच्या पायाला पाळण्यातच भिंगरी होती, असं घरात सांगत. शाळा सुटली की चार गल्ल्यांचा वळसा घालून घरी यायचा, सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर जाऊन बोटी बघत बसायचा. सतराव्या वर्षी बोटीवर काम मिळालं आणि घरातून गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. अकरा वर्षांनी एक अनोळखी खलाशी दारात आला आणि कापडी पिशवी ठेवून गेला. तापाने गेला म्हणाला, लांबच्या कुठल्याशा बंदरात. पिशवीत दोन शर्ट आणि दाढीचं सामान होतं. वडिलांनी पिशवी माळ्यावर टाकली आणि स्वतः डोळे मिटेपर्यंत एकच सांगत राहिले, "रक्तातच होतं त्याच्या."

आता लेकीच्या पायाखाली बोट नव्हती, सायकल होती. शर्यतीची, बारीक चाकांची. पहाटे निघायची, शहराबाहेरचा पूल ओलांडून चाळीस किलोमीटर करून शाळेच्या वेळेला परत. त्या वर्षी देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका प्रशिक्षण केंद्रात तिची निवड झाली. दोन वर्षं राहणं तिथेच, शाळाही तिथेच. घरी एक कागद आला, त्यावर आईवडील दोघांच्या सह्या हव्या होत्या. वडिलांनी त्याच दिवशी केली. बाईंच्या नावापुढची जागा तीन आठवडे कोरी होती आणि कागद पोचवायची मुदत येत्या शुक्रवारची होती.

"परत येणारच आहे ना मी," लेक पहिल्या दिवशी म्हणाली होती. हेच शब्द बाईंनी पूर्वी एकदा, बारा वर्षांच्या असताना, दाराच्या अलीकडून ऐकले होते. त्यांनी कागद घडी घालून कपाटात ठेवला. त्या दिवसापासून लेक घराबाहेर पडताना "जाते" म्हणायला लागली. जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे बाईंनी तिला बोलायला शिकवताना शिकवलेलं. पोरीने नेमकं तेच मोडलं.

या सगळ्या घालमेलीत त्या वर्षी विभागात जुळी येत होती.

एक तरुण डॉक्टर संशोधनासाठी आल्या होत्या. विभागात त्यांना सगळे जुळेवाल्या डॉक्टर म्हणत. शहरातल्या शंभरावर जुळ्या मुलांच्या मेंदूंची चित्रं त्या अकराव्या, तेराव्या आणि पंधराव्या वर्षी घेत होत्या. आजार शोधायचा नव्हता. मुलाने आत पडून समोरच्या फुलीकडे बघत राहायचं, बाकी काही करायचं नाही, आणि तेवढ्या वेळात मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाशी बोलतो ते मशीन टिपणार. एकसारख्या जुळ्यांना आईबापांकडून मिळालेला वारसा अगदी एकच असतो, वेगळी दिसणारी जुळी साध्या भावंडांइतकीच सारखी. दोन्ही प्रकारच्या जोड्या ताडून पाहिल्या की, वारसा किती आणि भोवतालचं जगणं किती, याचा अंदाज बांधता येतो. बाईंनी हे ऐकलं आणि त्यांचा पाय दुप्पट वेगाने हलायला लागला. एवढी वर्षं त्यांनी मेंदू पाहिले ते गाठी नि गुठळ्या शोधायला. हा प्रश्न तर त्यांच्या घरचाच होता.

चहाच्या वेळी त्या डॉक्टरांना खोदून विचारत. डॉक्टरांनी एकदा खिडकीतून दिसणारं मागचं मोकळं मैदान दाखवलं. लोक ये-जा करतात तिथे पायवाटा पडल्यात, बाकी गवत आहे. या वयात डोक्यात तसंच चालतं, म्हणाल्या. लहानपणी वाटाच वाटा असतात, मग ज्यांच्यावर वर्दळ त्या पक्क्या होतात, उरलेल्यांवर गवत माजतं. मैदानाचा उतार कसा आहे हे जन्मतः ठरलेलं, पण माणसं कुठून चालणार हे पुष्कळसं भोवतालावर.

"उतारच असा असला की माणूस घसरणारच?" बाईंनी विचारलं.

"ताई, मी एवढ्यात काहीच म्हणत नाही," डॉक्टर हसल्या. "आधी सगळ्या जोड्या होऊ देत."

पण बाईंनी मनात एक जोडी धरून ठेवली होती. दोघी पंधरा वर्षांच्या, अगदी एकसारख्या. एकीचा भांग डावीकडे, दुसरीचा उजवीकडे, म्हणून बाई त्यांना डावी आणि उजवी म्हणत. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या फेरीनंतर लगेच, त्यांचे आईवडील वेगळे झाले. डावी आईबरोबर कपडे धुण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची, उजवी वडिलांबरोबर नदीपलीकडच्या नव्या इमारतीत. रक्त एक, घरं दोन. या दोघींची जोडणी वेगळी निघाली तर घराला काही अर्थ आहे, सारखीच निघाली तर दादा जाणारच होता आणि लेकही जाणार. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा बाईंनी त्या दोन पोरींचा धरला. असा कौल कुणी मशीनकडे लावत नाही हे त्यांना कळत होतं, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तिसऱ्या फेरीत आधी उजवीची पाळी आली, मग डावीची. प्रत्येक मुलीच्या मनगटावर आल्याआल्या क्रमांकाची पट्टी बांधायची असा नियम होता. बाई ती कपडे बदलून झाल्यावर बांधत, कारण बाहीत अडकते म्हणून मुली कुरकुर करत. नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची, पट्टी बांधायची. बावीस वर्षांत ही रीत कधी चुकली नव्हती. उजवी स्थिर पडून राहिली, बाहेर आली, बाईंनी तिची पट्टी कापली, ती कपडे बदलायच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तसाच निळा झगा घालून डाव्या भांगाची मुलगी बाहेर आली, नाव आणि तारीख सांगितली, तीही तशीच स्थिर पडून राहिली. दोघींच्या चित्रांत खालच्या दातांपाशी एक छोटा काळा डाग आला. दातांमागे बारीक तार चिकटवलेली असली की येतो, मेंदूपर्यंत पोचत नाही. जुळ्याच त्या, दोघींना तार असणार, असं म्हणून बाईंनी पुढच्या मुलाला हाक मारली.

चार दिवसांनी जुळेवाल्या डॉक्टर संगणकासमोरून उठून आल्या. चेहरा गोंधळलेला होता. या दोघी म्हणजे कमाल आहे, म्हणाल्या, दोन वर्षं वेगळ्या घरांत आणि जोडणी जवळजवळ तंतोतंत. त्या पुढेही काहीतरी बोलत होत्या, पण बाईंच्या कानांनी तिथेच दार लावून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून जाड साखळी आणि कुलूप काढलं आणि लेकीची सायकल गॅलरीच्या कठड्याला बांधून टाकली. किल्ली दोरीत ओवून गळ्यात अडकवली. नवरा म्हणाला, अगं, लिफ्टसुद्धा बंद करायची तर आधी आतली माणसं बाहेर काढतात. बाई म्हणाल्या, तुम्हाला काही माहीत नाही. लेक काहीच बोलली नाही, हेच वाईट झालं. रडली असती, भांडली असती तर बाईंना तोंड देता आलं असतं. ती खिडकीपाशी बसून बाहेर बघत राहिली आणि तिचा पाय हलत राहिला.

ती किल्ली बाईंच्या मागेच लागली. चुंबकाच्या खोलीत लोखंडाचं काही न्यायचं नसतं. साध्या केसांच्या पिनासुद्धा बाहेरच्या ट्रेमध्ये. दिवसातून वीस वेळा बाई आत जात आणि वीस वेळा गळ्यातली किल्ली काढून ठेवत, बाहेर आल्या की पुन्हा घालत. घरी नीट झोप नव्हती, जेवण गोड लागत नव्हतं, लेक शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली तरी त्या जिन्यात जाऊन उभ्या राहत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाई पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागल्या होत्या.

सोमवारी सकाळी एका पेशंटचं पांघरूण सारखं करायला त्या घाईने आत शिरल्या आणि त्यांच्या छातीवरून किल्ली उचलली गेली. दोरी ताणून ती त्यांच्या हनुवटीसमोर आडवी झाली, मशीनकडे तोंड करून, हवेत. बाईंनी ती मुठीत पकडली आणि पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे सरकत बाहेर आल्या. पेशंटला काहीच कळलं नाही. दाराबाहेर त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नव्या पोरांना या एका चुकीसाठी त्यांनी रडेपर्यंत झापलं होतं. त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

त्याच दुपारी डावी आईबरोबर आली. शाळेत द्यायला हजेरीचा दाखला हवा होता. दाखला लिहिता लिहिता बाईंनी सहज काहीतरी गंमत केली, मुलगी हसली, आणि बाईंचा हात थांबला. तिचे खालचे दात वेडेवाकडे होते. एकावर एक चढलेले.

तुझी तार कधी काढली, असं बाईंनी विचारलं तेव्हा आईनेच उत्तर दिलं. हिला कुठली तार, म्हणाली. बहिणीचे दात वडिलांनी करून दिले, हिचे राहिलेत. डावीचं हसू मावळलं होतं. बाईंनी आईला खिडकीवर शिक्का मारून आणायला पाठवलं, तपासणीआधी भरून घेतलेला डावीचा फॉर्म उघडला आणि अंगात कुठे धातू आहे का, या रकान्यातला 'नाही' तिच्यापुढे धरला.

नाव आणि जन्मतारीख. सगळ्या जगाला चालणारी रीत एकसारख्या जुळ्यांपुढे अगदी फुकाची होती. तारीख दोघींची एकच आणि नाव तर कुणीही सांगेल. भांग बदलायला एक कंगवा पुरतो.

"ती दोनदा आत गेली ना?" बाईंनी विचारलं. "तुला बोगद्याची भीती वाटते?"

पहिल्या प्रश्नाला डावीने मान डोलावली. मग मनगट चोळू लागली. "बोगद्याची नाही, मावशी. आधी दोनदा गेलेच होते की मी. पण आता सगळे म्हणतात, ती बघ कशी शहाणी राहिली आणि तू बघ. मला झोप येत नाही, अभ्यास होत नाही, मी चिडते. तुम्ही आत बघितलं असतं तर कळलं असतं ना, मी बिघडलेय म्हणून. तिच्यासारखी नाही राहिले म्हणून."

आपली लेक दुसऱ्या कुणासारखी निघेल या भीतीने बाई तीन आठवडे जळत होत्या, आणि ही पोर कुणासारखी न निघण्याच्या भीतीने. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की, मशीनला शहाणं-बिघडलेलं असलं काही दिसत नाही, आणि दिसलं असतं तर पहिल्यांदा मलाच आत घालून बघितलं असतं.

मग त्या उठल्या आणि सरळ जुळेवाल्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. चूक माझी आहे, म्हणाल्या, पट्टी मी उशिरा बांधली, डाग दिसला तरी फॉर्म मी उघडला नाही. लेखी द्यायचं तर देते. डॉक्टर सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाल्या की, त्या दिवशी मी हेच सांगत होते, इतकं सारखं सहसा येत नाही, काहीतरी चुकलंय, तपासायला हवं.

"ते मी ऐकलंच नाही," बाई म्हणाल्या. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी मग सगळं सांगितलं. दादा, पिशवी, आईचा पाय, लेकीचा पाय, कागद, कुलूप.

"ताई, एका जोडीवरून काही ठरत नाही," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "आणि शंभर जोड्यांवरूनही तुमच्या एका मुलीचं सांगता येणार नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या एखादी गोष्ट चालत आली, तर ती रक्तातून आली की त्या घरात राहून लागली, हे नुसतं त्या घराकडे बघून कळत नाही. म्हणून तर मला जुळी लागतात."

बाईंना हे पटलंही आणि नाहीही. मन थाऱ्यावर नव्हतं. गुरुवारी डावीला पुन्हा बोलवायचं ठरलं, आणि तिने एकच अट घातली, मावशी आत माझ्याजवळ थांबणार असतील तरच.

गुरुवारी बाईंनी पट्टी दारातच बांधली. काचेमागे सहकाऱ्याला बसवलं, कानात बोळे घातले, किल्ली ट्रेमध्ये टाकली आणि मशीनशेजारी लाकडी स्टुलावर बसल्या. डावीचं डोकं आत, पाय बाहेर. बाईंनी तिच्या पायाचा अंगठा धरून ठेवला. घाबरलीस तर तो माझ्या तळहातावर दाब, म्हणाल्या. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की, त्यांचा गुडघा डावी पडली होती त्या टेबलाला टेकला आहे. पाय हलला तर टेबल हलेल, टेबल हललं तर पोरीचं डोकं, आणि चित्र वाया. स्टूल मागे घ्यायला जागा नव्हती. काचेमागून सहकाऱ्याने हात जोडून दाखवले आणि तोंडाने, आवाज न करता, म्हटलं: बाई, हलू नका.

अकरा मिनिटं. मशीन सुरू झालं, पत्र्यावर कुणी हातोडे मारत सुटावं तसं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा उजवा पाय दाबून धरला. आधी पोटरीत मुंग्या आल्या, मग कळ. मग ती कळ वर चढली आणि तिच्याबरोबर बटणं वर आली.

बटणं. आई घरी बसून कारखान्याच्या शर्टांना बटणं लावायची. बटणांचा उघडा डबा तिच्या मांडीवर असायचा, काठोकाठ भरलेला, आणि दुसऱ्या गुडघ्याला टेकून दादा अभ्यास करायचा. एकही बटण खाली पडायचं नाही. बाईंनी मिटलेल्या डोळ्यांनी तो डबा पुन्हा पुन्हा पाहिला. हलत्या पायावर तसा डबा राहिला असता का? दादा गेल्यानंतर महिन्याभरात तो डबा सांडला होता. त्या स्वतः रांगत खाटेखालची बटणं गोळा करत होत्या आणि वर आईचा पाय थडथडत होता. आईचे डोळे दाराकडे होते. त्यानंतर डबा कायमचा जमिनीवर आला. म्हणजे आईचा पाय दादा जाण्याआधी हलत नव्हता.

आणि माझा? माझाही नव्हता.

आता ते दार आलं, जे त्या चाळीस वर्षं टाळत होत्या. वडील बोटीवर निघालेल्या दादाच्या पाठीत दणका घालून त्याला आतल्या खोलीत ढकलत होते. काकांना बोलवायला जातो म्हणाले, आणि बारा वर्षांच्या पोरीला सांगून गेले की, बाहेरून कडी लाव आणि काढायची नाही. तिने लावली. आतून दादा ओरडला नाही. दाराला तोंड लावून हळू बोलला. "कडी काढ ग. परत येणारच आहे ना मी. येतो म्हणून जाऊ दे मला." ती दाराला पाठ लावून बसून राहिली. काढली नाही. खिडकीचे गज वाकवून तो गेला, येतो न म्हणता, आणि घराने ठरवून टाकलं की रक्तातच होतं. रक्ताचं नाव घेतलं की कडीचं नाव घ्यावं लागत नाही. वडिलांना लागलं नाही, काकांना नाही, बाईंना तर नाहीच.

तळहातावर अंगठा दाबला गेला. डावी घाबरली होती. बाईंनी उलट दाबला, घट्ट. डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, ते पुसायलाही त्या हलल्या नाहीत.

मशीन थांबलं. डावी बाहेर सरकली आणि पहिला प्रश्न विचारला तो, मी नीट केलं का. एकदम नीट, बाई म्हणाल्या, माझ्यापेक्षा नीट. त्या उठायला गेल्या तर पाय इतका बधिर झाला होता की सहकाऱ्याने धरून त्यांना बाहेर आणलं. जुळेवाल्या डॉक्टर पडद्यापाशी उभ्या होत्या. आकडे यायला दोन दिवस लागतील, म्हणाल्या, आले की सांगते, तुम्हाला हवे होते ना. बाईंनी ट्रेमधून किल्ली उचलली आणि म्हणाल्या, आता नकोत. त्या पोरीला मात्र काहीतरी चांगलं सांगा.

घरी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. लेक खिडकीपाशीच होती. बाईंनी चपला काढल्या नाहीत. गॅलरीत गेल्या, कुलूप उघडलं, साखळी खाली पडली तिचा केवढा तरी आवाज झाला. लेक उठून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"मामा रक्तामुळे नाही गेला," बाई म्हणाल्या. "म्हणजे रक्त असेलही, मला नाही माहीत. पण कडी मी लावली होती. तो मागत होता आणि मी काढली नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, बटणांपासून पिशवीपर्यंत. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. लेक ऐकत होती. ऐकता ऐकता ती जमिनीवर बसली, आईच्या पायांशी.

"तू बारा वर्षांची होतीस," ती म्हणाली. "माझ्याहून चार वर्षांनी लहान."

बाईंनी कपाटातून कागद काढला आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवून सही केली. सही वाकडी आली. लेकीने कागद वाचला, दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं आणि मग सायकलची चाकं दाबून बघितली. दोन्हींतली हवा उतरली होती. तिने ती पंपाने भरली. पुलापर्यंत चक्कर मारून येऊ का, असं तिने विचारलं. इतके दिवस ती विचारत नव्हती. जा, बाई म्हणाल्या.

सायकल खांद्यावर घेऊन ती जिना उतरायला लागली. बाई दारातल्या खुर्चीवर बसल्या. बसताक्षणी पाय सुरू झाला, आणि तो कशाची चाहूल घेतो आहे हे त्यांना आज पहिल्यांदा ठाऊक होतं. पहिल्या वळणावर चाकाची खरखर थांबली.

"आई," खालून आवाज आला, "येते ग."